पाट्टी आणि कुट्टी

पाट्टीची खुर्ची चालायची.

लाल प्लास्टिकची, पाठीला चीर गेलेली साधी खुर्ची. सकाळी मी गोठ्यावर पोचायचे तेव्हा ती दूध गाळायच्या खोलीबाहेर, पायरीला टेकून असायची. मीनाची धार काढून बादली ठेवायला यावं, तर खुर्ची शेवग्याच्या झाडाखाली. शेण ओढून हात धुवायला यावं, तर ती गोठ्याच्या दाराशी, नालीच्या अगदी कडेला. आणि तिच्यात पाट्टी. पदर खोचलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, जशी काही जन्मापासून तिथंच बसली आहे.

"पाट्टी, सेल्वम मला ओरडेल हं."

"व्हाय? आय नेव्हर वॉक," पाट्टी म्हणायची. "चेअर वॉक."

हसण्यासारखंच होतं ते, पण मला हसू यायचं नाही. सेल्वम म्हणजे तिचा मुलगा. सिंगापूरच्या या वायव्येच्या कोपऱ्यात, जिथं बससुद्धा तासातून एखादीच येते, तिथं या कुटुंबाचा गोठा आहे. नवऱ्यामागं पाट्टीने तो चालवला, आता सेल्वम चालवतो. मागच्या वर्षी ओल्या सिमेंटवर पाट्टी मीनाच्या पायांत पडली आणि मनगट मोडलं. तेव्हा सेल्वमने नालीकडं बोट दाखवून मला सांगितलं होतं, "सिस्टर, ही नाली ओलांडून गोठ्यात आईचं पाऊल पडायचं नाही. पुन्हा पडली तर माझ्या बहिणीकडं पासिर रिसला. फिनिश."

पासिर रिसची बहीण वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. छान फ्लॅट आहे, समुद्राचा वारा येतो. पण तिथं गाय नाही. पाट्टी त्या जागेचं नावसुद्धा घ्यायची नाही, नुसती हनुवटीने पूर्वेकडं दाखवायची.

गुरं राखायचं काम मी लहानपणापासून केलंय. मालकिणीला राखायचं पहिल्यांदाच अंगावर आलं.

मी माणदेशातली. शाळा आठवीतच सुटली, कारण घरी दोन गायी होत्या आणि त्यांच्यामागं जायला कुणीतरी हवं होतं. नवरा इथं जहाजदुरुस्तीच्या यार्डात. तो आधी आला, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाल्यावर मी आणि आमची गार्गी आलो. यिशुनला राहतो. इथली मराठी माणसं भली आहेत, पण बँकेतली, कॉम्प्युटरमधली. गणपतीला कुणी "तुम्ही काय करता?" असं सहज जरी विचारलं, तरी मी ताटं उचलायला आत पळायचे. मी आहेच घाबरट. गार्गीच्या शाळेतून फोन आला की भीती, फोन आला नाही तरी भीती. लिफ्टमध्ये शेजारीण नाक मुरडायला लागली की वाटायचं, माझ्याच अंगाला वास येतोय. गार्गी तर तोंडावरच म्हणते, "मम्मी, यू स्मेल लाइक काऊ, लाह."

काम मिळालं ते मात्र पाट्टीमुळे. त्या दिवशी सेल्वम इंग्रजीत विचारत होता, "एक्स्पीरिअन्स? एनी सर्टिफिकेट?" मी खाली मान घालून उभी. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "ओके, यू आस्क पाट्टी," आणि फोनवर बोलत बाहेर गेला.

तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात हे मला कुठून माहीत? आमच्याकडं पाटी म्हणजे शेणाची पाटी. कोपऱ्यात एक घमेलं दिसलं. मला वाटलं, ही परीक्षा आहे, भरून दाखवायचं. मी ओढणी कमरेला बांधली आणि शेण भरायला सुरुवात केली. घमेलं भरलं, तसं मागून खोकल्यासारखं हसू ऐकू आलं. पांढऱ्या केसांची, काळीभोर, नाकात दोन्ही बाजूंना चमकी असलेली म्हातारी लाल खुर्चीत बसून बघत होती.

"धिस वन नेव्हर आस्क. स्टार्ट वर्क ऑलरेडी," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "युवर हाऊस हॅव काऊ?"

"हॅव."

"नेम?"

"कपिली."

"अलाइव्ह?"

"नो. डाय."

"यू क्राय?"

"क्राय."

"ओके. टुमॉरो कम."

दुसरं कुणी मला त्या इंग्रजीवर ठेवून घेतलं नसतं. पाट्टीचं आणि माझं इंग्रजी एकाच मापाचं होतं, एवढाच काय तो आधार. त्यात ती तमिळ मिसळायची, मी मराठी. गायींना सगळंच कळायचं.

पाट्टीला कशातच चांगलं दिसायचं नाही. चहा दिला की, "टू स्वीट." साखर कमी केली की, "हॉस्पिटल टी." दुधाची बादली तोंडाजवळ न्यायची आणि म्हणायची, "राणी टुडे अँग्री. यू शाउट?" मी खरंच राणीवर ओरडलेली असायचे. चारा आला की मूठभर नाकाशी धरून, डोळे मिटून वास घ्यायची आणि नाक मुरडायची. मला लांबून येताना बघून कधी हाक मारायची नाही, पण बांगड्या वाजल्या की म्हणायची, "लेट." बस वेळेवर आली तरी लेटच.

आणि घाबरू नको, हे मला दिवसातून दहादा सांगायची. "बयप्पडादे, मा." भीतीचं ते 'बय' मला पहिल्या दिवसापासून कळलं. 'पडादे'चा अर्थ मी माझ्या मनानेच लावला, पडू दे. भय पडू दे, गळून पडू दे. खूप उशिरा कळलं की ते साधं 'घाबरू नकोस' आहे. तरी मला माझाच अर्थ बरा वाटतो. एकदा फारच घाबरले होते, गार्गीला ताप होता आणि शाळेचा फोन लागत नव्हता, तेव्हा ती म्हणाली, "काऊ आल्सो स्केअर्ड. एव्हरी डे स्केअर्ड. स्टिल गिव्ह मिल्क." मग स्वतः सेल्वमला उठवून मला व्हॅनमधून शाळेपर्यंत पोचवलं.

पण आमच्या दोघींचा खरा घोटाळा झाला तो कुट्टीवरून.

मी लागले त्याच महिन्यातली गोष्ट. राणी व्याली होती. वासरू दोन दिवसांचं, उड्या मारत मारत नालीकडं गेलं. पाट्टीचं मनगट तेव्हा धड होतं, ती पलीकडं राणीला धरून उभी होती. तिथून ओरडली, "कुट्टी! कुट्टी पार! कुट्टी!"

आता आमच्याकडं कडबा यंत्रात घालून बारीक कापला की त्याला म्हणतात कुट्टी. मला वाटलं, राणी उधळलीय, तिच्यापुढं चारा टाकायचा आहे. मी धावत मशीनशी गेले, टोपलं भरलं, राणीपुढं ओतलं. पाट्टी आणखी मोठ्यांदा ओरडली, "अय्यो, कुट्टी!" मला वाटलं, कमी पडली. दुसरं टोपलं आणलं. तोवर वासराचे पुढचे दोन्ही पाय नालीत, आणि ते बेंऽऽ करून रडतंय. पाट्टीने राणीला सोडलं, धावत जाऊन वासराला मानेला धरून वर ओढलं आणि माझ्याकडं वळली. मी तिसरं टोपलं घेऊन उभी.

तमिळमध्ये कुट्टी म्हणजे पिल्लू, वासरू, आणि पार म्हणजे बघ.

मला वाटलं, गेलं काम. पाट्टीने टोपल्याकडं बघितलं, वासराकडं बघितलं, आणि तिथंच चिखलात बसून इतकी हसली, इतकी हसली, की सेल्वम व्हॅनमधून उतरून धावत आला. त्याला वाटलं, आईला काहीतरी झालं.

त्या दिवसापासून तिने माझीही कुट्टी उचलली. गोठ्यात एका शब्दाचे दोन अर्थ झाले. चढ्या सुरात 'कुट्टी!' म्हटलं की वासरू, दबक्या सुरात म्हटलं की चारा. मग कधीतरी एका संध्याकाळी ती म्हणाली, "कुट्टी, टी ड्रिंक?" मी इकडंतिकडं वासरू शोधलं. वासरू चहा कशाला पिईल! ती मला म्हणत होती. चाळिशीला आलेली बाई मी. आई गेल्यापासून मला कुणी लहान म्हटलं नव्हतं.

सिंगापुरात वसंत नसतो म्हणतात. पाट्टीच्या गोठ्यात होता. चिनी नव्या वर्षाचे लाल कंदील उतरले की कोरडा वारा सुटायचा, कुंपणापलीकडचं गवत पिवळं पडायचं, आणि मग एका सकाळी क्रांजीच्या रस्त्यावरची झाडं एकदम गुलाबी फुलून यायची. दोन दिवसांत सगळी फुलं खाली. बसच्या चाकांखाली चिकटून ती गोठ्याच्या फाटकापर्यंत यायची. फाटकाशी गुलाबी चिखल झाला की पाट्टी म्हणायची, "नाऊ बेबी टाइम." त्यांच्या पंगुनी महिन्यात देवळांत दुधाचे हंडे डोक्यावर घेऊन माणसं जातात, तेव्हा दूध जास्त लागतं. म्हणून गायींची वेतं ती त्या हिशेबानेच धरायची. एकामागून एक गाय व्यायची, आणि त्या दिवसांत माझा जीव सदा टांगणीला. आज कुणाची कास उतरली, कोण उठबस करतंय, कुणाची वार पडायची राहिलीय.

त्याच दिवसांत आपली मंडळीही यायची. पाडव्याच्या श्रीखंडाला दूध आणि जमलं तर खरवसाला चीक. एकदा बिशानच्या मुग्धाताई आल्या, मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करतात त्या. मी शेणाचं घमेलं घेऊन मीनाच्या आड लपले.

"आजी, फर्स्ट मिल्क मिळेल का? कोलोस्ट्रम?"

"बेबी फर्स्ट," पाट्टी म्हणाली. "बिशान लेटर."

मुग्धाताई हसल्या, तेवढ्यात त्यांना मी दिसले. "अगं, तू इथं?"

पाट्टीने मान वर केली. "शी इन चार्ज," ती म्हणाली. कशाची इन चार्ज, हे तिने सांगितलं नाही. माझ्या माहितीत मी फक्त त्या लाल खुर्चीची इन चार्ज होते, आणि तीही ऐकत नव्हती.

या वर्षी पहिलारू होती चित्रा. काळी-पांढरी, अंगाने लहान, फार भित्री. पाट्टीने वाढवलेली, बाकी कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. तिचे दिवस भरत आले तशी खुर्ची जास्तच चालायला लागली. मी तिला पायरीशी नेऊन बसवायचे, हात धुवून येते तो नालीशी. सेल्वम डोळे मोठे करून माझ्याकडं बघायचा. मला दोन्हीकडून भीती. पाट्टी पडली तर ती पासिर रिसला जाणार, आणि ते माझ्या राखणीत होणार.

झालं ते सकाळीच. सेल्वम दुधाचे कॅन घेऊन देवळांकडं गेलेला. चित्रा उठत होती, बसत होती, शेपटी वर धरत होती. पाणमोट फुटली. दोन खुर दिसले, आणि मग सगळं थांबलं. डॉक्टरला फोन केला, तो म्हणाला, "ऑन द वे." सेल्वमचा फोन उचललाच गेला नाही. मी जवळ गेले की चित्रा शिंगं फिरवायची, लाथ झाडायची.

नालीपलीकडून पाट्टीने विचारलं, "कुट्टी लेग, फेस अप ऑर डाऊन?"

"डाऊन."

"गुड. नोज?"

"नाक नाही दिसत. टंग दिसतीय. ब्लू."

पाट्टी चित्राशी बोलायला लागली, हळू, तमिळमध्ये, जसं आपण तापातल्या पोराशी बोलतो. चित्राने कान तिकडं वळवले. पण अंतर फार होतं. मी जवळ गेले की ती पुन्हा उसळायची.

"कुट्टी," पाट्टी म्हणाली. कोणता सूर होता, मला सांगता येणार नाही. "आय प्रॉमिस सेल्वम. आय नेव्हर वॉक."

मी रस्त्याकडं बघितलं. व्हॅन नव्हती. चित्राकडं बघितलं. मग खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि पाट्टीसकट ती ओढली. नालीवरच्या लोखंडी जाळीवरून खडखडत, सिमेंटवरून, थेट चित्राच्या तोंडाशी. वाटेत एक पाय जाळीत अडकला तेव्हा खुर्ची कलली, आणि मी डोळे मिटले. पाट्टीने माझं मनगट घट्ट धरलं. "बयप्पडादे."

तिने चित्राचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. हाताने कपाळ चोळत राहिली आणि बोलत राहिली. चित्रा शांत झाली. मी वासराच्या पायांना दोरी बांधली. चित्राने जोर केला की मी ओढायचे, तिने सोडला की मी सोडायचे. पाट्टी तिकडून म्हणत होती, बयप्पडादे, बयप्पडादे. मला की गायीला, कोण जाणे. नाक आलं, कपाळ आलं, आणि मग पाणी सांडावं तसं सगळं वासरू माझ्या पायांवर आलं.

हलत नव्हतं. मी नाकपुड्यांतला चिकटा काढला, गवताची काडी नाकात घातली, छाती चोळली. पुन्हा चोळली. आणि त्याला शिंक आली. माणसासारखी, चांगली खणखणीत. मी रडायलाच लागले. वासरू ओढून पाट्टीच्या पायांशी ठेवलं, चित्रा वळून चाटायला लागली.

पाट्टी हसत होती. पुढं वाकली आणि म्हणाली, "व्हेअर?"

मला वाटलं, चेष्टा करतेय.

"कुट्टी व्हेअर? बॉय ऑर गर्ल?"

वासरू तिच्या पावलांपासून वीतभर. लख्ख ऊन. ती हात पुढं करून शोधत होती, आणि हात भलतीकडंच जात होता.

मग मला एकेक आठवत गेलं. मूठभर चारा नाकाशी धरणं. बांगड्या वाजल्यावर 'लेट.' खूर वर की खाली, हे मला विचारणं. दिवसभर आवाजांच्या दिशेने सरकत राहणारी खुर्ची. आणि मीनाच्या पायांत पडणं. आम्ही सगळे म्हणत राहिलो, सिमेंट ओलं होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात मागं बघितलं. सेल्वम फाटकात उभा होता, हातात किल्ली. कधी आला कळलंच नव्हतं. त्याने खुर्ची बघितली, जाळी बघितली, आणि आईचा तो हात बघितला.

पाट्टीला पावलं ऐकू आली. "चेअर वॉक," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. सेल्वम आईपुढं उकिडवा बसला, तिचा हात धरला आणि ओल्या वासराच्या पाठीवर ठेवला. "गर्ल, अम्मा," तो म्हणाला. "कन्नुकुट्टी. गर्ल."

त्यानंतर हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं आता काही होणार नाही, दुसऱ्याचं ऑपरेशन करून बघू. तोवर आणि त्यानंतरही धूळ नको, शेण नको, गोठा नको. म्हणजे पासिर रिसच. ती पडली नव्हती, तरी जायची वेळ आलीच. मला वाटत होतं, पाट्टी भांडेल. ती भांडली नाही. सेल्वमला एवढंच म्हणाली, "धिस सिस्टर स्टे." तो म्हणाला, "येस, अम्मा, स्टे." मी त्या दोघांच्या मध्ये चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि कप वाजायला लागले म्हणून ट्रे खाली ठेवला.

ती गेली त्या सकाळी आदल्या दिवशीच्या पावसाने सगळं भिजलेलं. पासिर रिसची लेक गाडी घेऊन आली होती. पाट्टी नवं निळं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली, मांडीवर औषधांची पिशवी. मी निरोप घ्यायला गेलेच नाही. मशीनशी उभी राहून चारा कापत होते. जायला धीर होत नव्हता.

गाडीचं इंजिन सुरू झालं, आणि आतून हाक आली, "कुट्टी!"

चढा सूर नव्हता, दबकाही नव्हता. मशीनचा आवाज, इंजिनाचा आवाज. तिला काय हवं होतं? शेवटचा चारा हुंगायचा होता, की चित्राचं वासरू, की मी? विचारायला जावं तर गाडी निघेल अशी भीती. मी टोपलं कमरेवर घेतलं, वासराची दोरी सोडली, ते उड्या मारत मागं, आणि तशीच धावत गेले.

काच खाली होती. पाट्टीने हात बाहेर काढला. आधी टोपल्यात घातला, चिमूटभर कुट्टी नाकाशी नेली, नाक मुरडलं. मग हात खाली सोडला, वासराने लगेच तिची बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागलं. मग तो ओला हात वर आला, माझ्या बांगड्यांवरून, दंडावरून, गालापर्यंत.

"वन वेट," पाट्टी म्हणाली. "वन हंग्री. वन क्राइंग. हाऊ टू गो?"

लेकीने हळूच काच वर केली. गाडी फाटकातून वळली, गुलाबी चिखलावर दोन रेघा उमटल्या. मागच्या काचेतून पांढरं डोकं दिसत होतं. ते वळून बघत नव्हतं, थोडं कलतं होतं, कान आमच्याकडं करून.

मी वासरू चित्राला पाजायला सोडलं. मग टोपलं उन्हात नेऊन ओतलं आणि कुट्टी हाताने पसरली. खरंच ओली होती.